रिकाम्या खोलीचे कुलूप

२०२५ सालच्या जानेवारी महिन्यातील गोष्ट. नाताळचा गोठा आम्ही नुकताच उतरवला होता. बाळ येशू, मरिया, योसेफ आणि मेंढपाळ यांच्या मूर्ती जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून माळ्यावर ठेवून दिल्या होत्या. महिना संपत आला असताना एके सकाळी आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताई नेहमीपेक्षा तासभर उशिरा आल्या. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात न जाता ओटीवरच टेकल्या. त्यांच्या मांडीवर धुवट लुगड्यात बांधलेले एक लहानसे गाठोडे होते.

"काकू, आमचे देव थोडे दिवस तुमच्याकडे ठेवाल का? बाकीचं सामान ताडपत्रीखाली राहील कसंबसं. पण देवांना रस्त्यावर कसं ठेवायचं?"

आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले. ओटीवर आमच्या येशूच्या तसबिरीखाली एक कोनाडा रिकामा होता. तेथे आम्ही ते गाठोडे ठेवले. ताईंनी हात जोडले आणि त्या निमूटपणे भांडी घासायला गेल्या. आपण एक चांगले काम केले, या समाधानात आमचा तो दिवस गेला. ते समाधान किती खोटे होते हे कळायला आम्हांला पुढे सात महिने लागले. त्या सात महिन्यांचा हा हिशेब आहे.

ताईंचे घर नालासोपारा पूर्वेला, आचोळे भागातील अग्रवाल नगरीत होते. तेथील एकेचाळीस इमारती अनधिकृत ठरल्या. ज्या जागेवर त्या उभ्या होत्या तिचा मोठा भाग शहराच्या विकास आराखड्यात मलनिस्सारण प्रकल्पासाठी आणि कचऱ्याच्या क्षेपणभूमीसाठी राखीव होता. काही जमीन खासगी मालकीची होती. बनावट कागदपत्रांच्या आधारे तेथे चारचार मजले चढले आणि त्यांतील खोल्या विकल्या गेल्या. २०२४ च्या जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयातही रहिवाशांना दिलासा मिळाला नाही. वर्षाच्या अखेरीस सात इमारती पाडण्यात आल्या आणि २३ जानेवारी २०२५ पासून उरलेल्या चौतीस इमारतींवर हातोडा पडू लागला. फेब्रुवारीत ते काम पुरे झाले. सुमारे अडीच हजार कुटुंबे उघड्यावर आली. ताईंची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. २१ फेब्रुवारीला तिची परीक्षा सुरू झाली तेव्हा तिचे दप्तर एका नातेवाइकाकडे, गणवेश दुसऱ्याकडे आणि आईबाप तिसऱ्याकडे अशी स्थिती होती.

न्यायालयाने कायद्याप्रमाणे निर्णय दिला, याबद्दल आमची तक्रार नाही. सांडपाण्याच्या प्रकल्पाची जागा बळकावली गेली की त्याचे परिणाम साऱ्या गावाला भोगावे लागतात, हे दर पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून मिस्साला जाणाऱ्या वसईकरांना कोणी सांगायला नको. प्रश्न वेगळा आहे. अडीच हजार कुटुंबे मुळात तेथे राहायला का गेली? ती सारीच भोळी होती की सारीच लबाड होती? ताईंच्या घराण्याची हकीकत आम्हांला थोडीफार ठाऊक आहे. ती सांगितली की उत्तर आपोआप मिळेल.

ताईंचे सासरे संगमेश्वराकडचे. लालबागला ते गिरणीत कामाला होते आणि चाळीतल्या एका खोलीत दहा माणसांसह राहत होते. खोली भाड्याची होती आणि भाडे नाममात्र होते. ते नाममात्र का होते, यामागे एक कायदा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकू नयेत म्हणून सरकारने ती बांधून टाकली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. हेतू सर्वस्वी चांगला होता. गरीब भाडेकरूला त्याने खरोखर आधार दिला. परंतु काही वर्षांसाठी म्हणून आलेली ही तरतूद पिढ्यान् पिढ्या कायम राहिली. भाड्यातून दुरुस्तीचाही खर्च निघेना, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडली. नव्या इमारती भाड्याने देण्यासाठी बांधणे तोट्याचे ठरले, तेव्हा बांधणाऱ्याने भाड्याची घरे बांधणे सोडले. पागडीची प्रथा बोकाळली. जी नवी घरे उभी राहिली ती विकण्यासाठीच. महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे देऊन राहता येईल असे घर मुंबईत दुर्मीळ होत गेले. घर हवे तर एकरकमी पैसा हवा, असा दिवस आला. ज्याच्याकडे एकरकमी पैसा नव्हता त्याच्यासाठी झोपडी उरली.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबाग-परळची चूल विझली. ताईंच्या सासऱ्यांनी पुढे लालबागच्या खोलीवरचा हक्क सोडला, भावांत पैसे वाटून घेतले आणि विरार लोकल पकडली. असे हजारो जण आले. विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ पासूनच धावत होती. आता तिच्या मागोमाग शहर धावत आले. ऐंशीचे दशक संपता संपता शासनाने वसईचा हिरवा पट्टा बांधकामासाठी मोकळा केला आणि १९९० साली सिडकोची येथे विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसईचे आंदोलन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. आम्हीही त्या मोर्चांत चाललो. आमच्या विहिरी, आमची बावखले, आमच्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या वाचाव्यात म्हणून आम्ही घोषणा दिल्या. त्या घोषणा खऱ्याच होत्या. पण आज मागे वळून पाहताना एक गोष्ट कबूल केली पाहिजे. येणारा माणूस राहणार कोठे, हा प्रश्न तेव्हा आमच्या मनात फारसा आला नाही. तो बिल्डरांचा प्रश्न आहे, असे आम्ही समजलो. बिल्डरांनी मात्र तो आपल्या परीने सोडवला. आणि वाडी विकणारे हात आपल्यांतलेही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोर्चातून परतल्यावर संध्याकाळी विसाराची रक्कम मोजणारी घरे आपल्याच धर्मग्रामांत होती.

ताईंचे कुटुंब नालासोपाऱ्यात वीस वर्षे भाड्याच्या खोल्या बदलत राहिले. अकरा महिने झाले की बिऱ्हाड हलवायचे. शाळा तीच ठेवायची तर मुलांनी पायपीट करायची. शेवटी मंगळसूत्राखेरीजचे सारे सोने मोडून, गावची जमीन भावाला देऊन आणि पतपेढीचे कर्ज काढून त्यांनी अग्रवाल नगरीत एक खोली आणि स्वयंपाकघर विकत घेतले. बँकेने कर्ज का दिले नाही, असे आम्ही एकदा विचारले होते. "बँकेवाले म्हणाले, कागद पुरे नाहीत. बिल्डर म्हणाला, सगळ्यांचे असेच आहेत, पुढे होतात नियमित." बिल्डरच्या बोलण्यावर विश्वास ठेवला हा त्यांचा दोष. पण विश्वास बसावा अशी परिस्थिती त्यांच्याभोवती शासनानेच उभी केली होती. त्या घराला विजेचे मीटर मिळाले. त्या पत्त्यावर शिधापत्रिका मिळाली, मतदार ओळखपत्र मिळाले, आधार कार्ड आले. आपल्या महानगरपालिका कायद्यात अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराबरोबर शास्ती लावण्याची तरतूद आहे आणि ही शास्ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असेही त्याच कलमात म्हटले आहे. अनधिकृत घरातून महसूल घ्यायचा आणि घर मात्र मान्य करायचे नाही, असा हा व्यवहार आहे. कराची पावती हाती आल्यावर सामान्य माणूस त्या कलमाचे शेवटचे वाक्य वाचायला जात नाही. त्याला ती पावती म्हणजेच सरकारची मान्यता वाटते.

याच शासनाचे आणखी एक धोरण पाहा. मुंबईत १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना आली. ठरावीक तारखेपूर्वीचा झोपडीधारक असेल तर त्याला घर मिळते. ती तारीख आधी १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली. पुढे २०११ पर्यंतच्या झोपडीधारकांना पैसे भरून घर देण्याचे ठरले. योजनेतून अनेक कुटुंबांना पक्के छप्पर मिळाले, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ताईंचे घर झोपडी नव्हते. ते चार मजली इमारतीत होते. म्हणून झोपडीच्या धोरणात ते बसले नाही. आणि कागद अपुरे म्हणून सदनिकेच्या धोरणातही ते बसले नाही. प्रधानमंत्री आवास योजनेने २०१५ साली सर्वांना २०२२ पर्यंत घर देण्याचे वचन दिले. पण व्याजाची सवलत मिळवायची तर आधी बँकेचे गृहकर्ज हवे आणि गृहकर्जासाठी अधिकृत घर हवे. अधिकृत घर परवडत नाही म्हणूनच तर माणूस अनधिकृत घरात गेला होता. कोणत्याच रकान्यात न बसणारा हा माणूस शेवटी मोकळ्या आकाशाखाली बसतो.

मग घरेच कमी आहेत काय? येथेच आम्हांला सर्वांत मोठा धक्का बसला. अग्रवाल नगरीपासून काही किलोमीटरवर, विरारच्या बोळिंजला, म्हाडाने सुमारे दहा हजार घरांची वसाहत बांधली आहे. सरकारी, अधिकृत, सर्व कागद पुरे असलेली घरे. त्यांतील निम्म्याच्या आसपास घरे वर्षानुवर्षे विकली गेली नव्हती. २०२३ साली पाच हजारांच्या वर घरे तेथे कुलूपबंद होती. सोडती निघाल्या, 'प्रथम येईल त्याला प्राधान्य' अशा जाहिराती झळकल्या, तरी गिऱ्हाईक मिळेना. कारण तेथे पुरेसे पाणी नव्हते आणि लहानात लहान घराची किंमतही वीस लाखांच्या वर होती. सूर्या प्रकल्पाचे पाणी आले तेव्हा कोठे विक्रीला गती आली. म्हणजे एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत एकीकडे माणसाविना घरे होती आणि दुसरीकडे घराविना होऊ घातलेली माणसे होती.

ही केवळ वसईची गोष्ट नाही. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे पावणेअठरा लाख माणसे बेघर म्हणून नोंदली गेली. त्याच जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये एक कोटी दहा लाखांच्या वर घरे रिकामी आढळली. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या एका अभ्यासगटाने शहरांत एक कोटी ८८ लाख घरांची तूट असल्याचे सांगितले आणि त्यातील पंचाण्णव टक्क्यांहून अधिक तूट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांतील असल्याचे दाखवून दिले. तूटही खरी आणि रिकामी घरेही खरी. घर हे राहण्यासाठी असते ही गोष्ट आपण विसरलो आणि ते सोन्यासारखे साठवून ठेवण्याची वस्तू झाली, एवढाच त्याचा अर्थ.

हे आकडे आम्ही त्या फेब्रुवारीत मोठ्या तावातावाने येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होतो. ओटीवर बसून, ताईंच्या देवांच्या साक्षीने. आणि आमच्या पाठीमागे, परसात, एक खोली कुलूपबंद होती.

ही खोली आमच्या वडिलांनी वाडीवरच्या गड्यासाठी बांधली. तिला मोरी आहे, नळ आहे, विजेचा दिवा आहे. गडी गेल्यावर तीत काही दिवस नारळ होते, मग जुने पलंग आले, मग काहीच नव्हते. ती भाड्याने का दिली नाही? त्याला एक कारण आहे आणि ते आमच्या घरात वारशासारखे चालत आले आहे. वडिलांच्या मामांची वांद्र्याला दोन खोल्यांची मिळकत होती. त्यांनी त्यातली एक खोली एका ओळखीच्या माणसाला काही महिन्यांच्या परवान्यावर वापरायला दिली. भाडेकायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो असा परवान्यावर राहत होता तो कायद्याने भाडेकरू ठरला. मामांची खोली त्यांच्या हयातीत परत आली नाही. तेव्हापासून 'खोली रिकामी ठेवा, पण माणूस ठेवू नका' ही शिकवण आमच्या घरात रोजच्या प्रार्थनेइतकी पक्की झाली. सरकारचे धोरण केवळ राजपत्रात राहत नाही. ते माणसांच्या मनात उतरते आणि कायदा बदलल्यावरही तेथेच मुक्काम करते. १९९९ चा नवा भाडेनियंत्रण कायदा २००० साली लागू झाला. त्याप्रमाणे करार लेखी करून नोंदवणे सक्तीचे आहे आणि मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागून ती परत मिळवता येते. म्हणजे मामांच्या वेळची भीती आता कायद्यात उरलेली नव्हती. ती फक्त आमच्या किल्लीच्या जुडग्यात उरली होती.

ताईंनी ती खोली रोज पाहिली. तिच्या ओसरीवरच त्या कपडे वाळत घालत. त्यांनी कधी विचारले नाही. आम्हीही काही बोललो नाही. देवांना आम्ही जागा दिली. देवांची पूजा करणाऱ्या माणसांना दिली नाही. बेथलेहेमच्या सराईवाल्याला आम्ही लहानपणापासून दोष देत आलो आहोत. पण त्याची सराई निदान भरलेली तरी होती.

मार्चमध्ये ताईंना विरार पूर्वेला एका चाळीत खोली मिळाली. कामाला यायला त्यांना आता दीड तास लागे. देव मात्र त्यांनी नेले नाहीत. "तिथलं अजून काही खरं नाही," एवढेच त्या म्हणाल्या.

२६ ऑगस्ट २०२५ ची ती रात्र. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. मध्यरात्रीच्या सुमारास विरार पूर्वेच्या विजयनगरातील रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा मागील भाग कोसळला. एका घरात बाळाचा पहिला वाढदिवस साजरा होत होता. सतरा माणसे गेली. ही इमारतही अनधिकृत होती आणि तिला फार तर तेरा वर्षे झाली होती. पहाटे बातमी कळली तेव्हा आम्ही ताईंना फोन लावत राहिलो, तो लागेना. त्या दोन-तीन तासांत आम्ही काय काय मनात आणले ते लिहिण्यासारखे नाही. नऊच्या सुमारास त्यांचाच फोन आला. "आम्ही बरे आहोत, काकू. आमची चाळ लांब आहे तिथून." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण आमची चाळ तरी कुठे वेगळी आहे?"

आम्हांला तेव्हा कळले की गरिबाला या शहरात दोनच पर्याय आहेत. घर सरकारने पाडण्याची वाट पाहायची, किंवा ते आपोआप पडण्याची. एकात संसार जातो, दुसऱ्यात जीव जातो. अनधिकृत इमारती पाडू नयेत असे आम्ही म्हणूच शकत नाही. त्या उभ्या राहू देणे हा गुन्हा होता आणि त्या उभ्या ठेवणे हाही गुन्हाच ठरला असता. मात्र पाडण्याच्या यादीबरोबर राहणाऱ्यांचीही यादी हवी आणि हातोड्यापूर्वी निवारा हवा. फिनलंड देशाने २००८ साली ठरवले की बेघर माणसाला आधी घर द्यायचे आणि त्याच्या इतर अडचणी मग सोडवायच्या. तेथे बेघरांची संख्या त्यानंतर बरीच कमी झाली. आपल्याकडेही २०२० मध्ये टाळेबंदीत मजूर पायी गावी गेल्यावर केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली. रिकामी सरकारी घरे भाड्याने द्यायची अशी ती कल्पना होती. प्रत्यक्षात देशभरात काही हजार घरेच त्यातून भाड्याने गेली. बोळिंजच्या कुलपांची आठवण तेव्हा कोणाला झाली असती तर! विकण्याची घरे पुष्कळ झाली. आता महिन्याच्या पगारात बसणाऱ्या भाड्याच्या घरांचे धोरण हवे. हे काम सरकारचेच आहे आणि त्यातून त्याची सुटका नाही.

पण आमची तरी सुटका कोठे होती? त्या चतुर्थीच्या दुपारी आम्ही जुडग्यातली ती किल्ली शोधली. कुलूप गंजले होते. तेल सोडून अर्धा तास खटपट केली तेव्हा ते उघडले. पलंग बाहेर काढले, कोळ्यांची जाळी झाडली, भिंतींना चुना दिला. मग ताईंना विचारले. त्यांनी लगेच हो म्हटले नाही. "काकू, मेहरबानी म्हणून नको. भाडं घ्या. आणि कागद करा. बिनकागदाच्या घरात आता नाही राहायचं." आम्ही जो कागद इतकी वर्षे भीत होतो तोच त्यांना हवा होता.

करार नोंदवायला आम्ही तिघे वसईला गेलो. संगणकावर बसलेला मुलगा भराभर रकाने भरत होता. 'कायमचा पत्ता' या रकान्यापाशी त्याने ताईंचे आधार कार्ड मागितले आणि त्यावरून पाहून टंकू लागला. अग्रवाल नगरीतल्या त्या इमारतीचे नाव, मजला, खोलीचा क्रमांक. ताई म्हणाल्या, "ती बिल्डिंग आता नाही, दादा." तो मुलगा वर न पाहता म्हणाला, "आधारवर जे असेल तेच लागतं."

तसेच नोंदले गेले. जी इमारत जमिनीवर उरलेली नाही तिचा पत्ता आमच्या करारात कायमचा म्हणून लिहिलेला आहे.

त्या संध्याकाळी ताईंनी आमच्या ओटीवरच्या कोनाड्यातून आपले देव उचलले आणि परसातल्या खोलीत नेले. कोनाडा पुन्हा रिकामा झाला आहे. तो आता आम्हांला बरा दिसतो. पण आमच्या गावात संध्याकाळी फिरायला निघालो की परसापरसांतून तशीच कुलपे दिसतात. ती आम्ही मोजू लागलो आहोत. आपल्या गावची आपण मोजाल काय?